बीपीच्या मशीनवरचा आळ

मित्रांनो, आधी सरळ बसा. हातातला मोबाईल खाली ठेवा. मी काही गोड गोष्ट सांगायला आलेली नाही. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता, आणि तो कुणा परक्यानं नाही, ज्या घरात मी इतकी वर्षं काढली त्याच घरानं घेतला होता. असा आळ सोसलेल्या बाईकडून गोडव्याची अपेक्षा ठेवू नका.

मी एक बीपीची मशीन. कधीकाळी पांढरी होते, आता पिवळी पडले आहे. पट्ट्याची शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली आहे. माझं शिक्षण फारसं नाही. वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचा आकडा, आणि कोपऱ्यात एवढंसं हृदयाचं चित्र, बस्स. माणसाचे ठोके सरळ पडत असले तर ते चित्र दिसतसुद्धा नाही. ठोके वेडेवाकडे पडू लागले की ते लुकलुकतं. यापुढं मला काही येत नाही. पण जेवढं येतं तेवढं पक्कं येतं. थाप मारणं मला कुणी शिकवलंच नाही. त्यासाठी बरंच शिकावं लागत असावं, असं मला माणसांकडे बघून वाटतं.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी खोक्यात होते. त्याआधी मला तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मगच पास केलं, एवढं मात्र आठवतं. मग नाशिकला रविवार कारंजाजवळच्या औषधांच्या दुकानात मी काचेमागे बसून येणारी जाणारी माणसं बघत राहिले. तिथून मला संतोष घेऊन गेला. त्याच्या वडिलांना, वाल्मीकबाबांना, डॉक्टरांनी बीपीची गोळी चालू केली होती आणि घरी मोजत जा म्हणून सांगितलं होतं.

घर सिडकोत. एकाला एक लागून घरं, पुढं जेमतेम मोटरसायकल मावेल एवढं अंगण आणि बसायला एक ओटा. संतोष अंबडच्या कंपनीत कामाला. त्याची बायको रोहिणी, माहेर मनमाडचं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आणि या सगळ्यांच्या वर कुसाबाई, संतोषची आई. चांदवडकडची बाई, दोन इयत्ता शिकलेली, पण बोलायला लागली की वकील खाली बसेल. तिनं पहिल्याच दिवशी मला खोक्यातून काढलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "ही माझ्या हाताखाली राहील. दुसऱ्या कुणी बटणं दाबायची नाय."

आणि मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. बाबांचं बीपी मोजून झालं की कुसाबाई मला घेऊन ओट्यावर बसायची. गल्लीतल्या बाया रांग लावायच्या. शेजारची चिमणाबाई तर भाजी निवडता निवडता दंड पुढं करायची.

"चिमणे, हात सैल सोड. लुटायला नाय बसले तुला."

"अगं पण दाबतंय लय!"

"दाबणारच. तुझी जीभ दाबणारी मशीन अजून निघाली नाय, तोवर दंडावर भागव."

सगळ्या खिदळायच्या. आकडा वर दिसला की कुसाबाई त्या बाईला पापड-लोणच्यावरून अशी झाडायची, की पुढच्या खेपेला आकडा खाली यायचाच. गल्लीत मला कुसाबाईची मशीनच म्हणत. मी तिला शोभत होते आणि ती मला.

पुढं बाबा गेले. तापानं गेले, बीपीनं नाही. मुद्दाम सांगते, नाहीतर तोही आळ माझ्यावरच यायचा. पण कुसाबाईनं मला कपाटात टाकलं नाही. त्या वर्षी दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. संतोषची मोटरसायकल, मिक्सर, रोहिणीची शिलाई मशीन, आणि शेवटी मी. कुसाबाईनं माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं, काचेवर हळदीकुंकवाचं बोट ओढलं आणि म्हणाली, "रोहिणे, माणसं खोटं बोलतील, ही बोलायची नाय."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी तर ठेवलंच.

आता कुरडयांचं ऐका. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या गल्लीत कुरडया होतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या बाया मिळून. गहू भिजवायचे, दळायचे, त्याचा पांढरा चीक काढायचा आणि मोठ्या पातेल्यात शिजवायचा. चीक आटत आला की लाकडी काठीनं घोटत राहायचं. काठी थांबली की गाठी झाल्याच, आणि गाठीचा चीक साच्यातून नीट उतरत नाही. ही काठी गल्लीत एकाच बाईच्या हातात द्यायचे, कुसाबाईच्या. कुणाच्याही घरच्या कुरडया असोत, काठी तिची. तो तिचा मान होता. ती काठी धरून उभी राहिली की राणी दिसायची, हे मी खिडकीतून वर्षानुवर्षं बघत आले होते.

आमच्याच अंगणातला दिवस. चीक रटरटत होता. कुसाबाई घोटत होती, एकीकडे चिमणाबाईच्या सुनेची खेचत होती. आणि बोलता बोलता तिची काठी थांबली. डावा हात छातीवर गेला. डोळे कुठंतरी लांब.

"कुसाबाई, हात का थांबला गं?" चिमणाबाई ओरडली.

"तुझं तोंड बघून."

ती पुन्हा घोटायला लागली, पण चिकात गाठी झाल्या होत्या. साच्यातून कुरडई तुटून तुटून पडायला लागली. बायांनी एकमेकींकडे बघितलं. कुसाबाई म्हणाली, "गहूच भिकार निघाले यंदा." गहू चांगले होते. तिनंच निवडून आणले होते.

मग ती घरात आली, दार लोटलं आणि मला दंडाला बांधलं. आता मी काय अनुभवलं ते सांगते. गल्लीतल्या सगळ्या दंडांची मला ओळख. पण असा ठोका मी कधी बघितला नव्हता. एक आला. पुढचा आलाच नाही. मग दोन घाईघाईनं एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे आले, आणि पुढचा इतका हलका की मला वाटलं माझ्या नळीला भोक पडलं. मी भ्याले, खरं सांगते. मला हाक मारता येत नाही. मी एकच करू शकत होते, ते केलं. कोपऱ्यातलं हृदय लुकलुकवलं.

कुसाबाईनं टक लावून बघितलं. आणि माझ्या थोबाडीत दिली.

"मेली! मला डोळा मारते?"

हळदकुंकू लावणारा हात तोच होता, मित्रांनो.

तिनं पुन्हा मोजलं. आकडा वेगळा. पुन्हा मोजलं, आणखी वेगळा. ठोकाच सरळ पडत नसेल तर मी सरळ आकडा कुठून आणू? मग तिनं चिमणाबाईला हाक मारून तिचं मोजलं. तिचं अगदी व्यवस्थित. म्हणजे मी ठीक आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कुसाबाई काय म्हणाली? "माझ्याच हाताशी हिचं वाकडं हाय." संध्याकाळी संतोषला सांगताना ती छातीचं काही बोललीच नाही. म्हणाली, "मशीन बिघडली."

संतोषनं सेल बदलले. मग त्यानं एक रीत काढली, आणि या रीतीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तो आईला बसवायचा आणि मनासारखा आकडा येईपर्यंत माझं बटण दाबत राहायचा. हृदय लुकलुकलं तर म्हणायचा, "आई, हात हलवलास." आकडा वर गेला तर म्हणायचा, "आई, मध्ये बोललीस." शेवटी कुठंतरी ठोके जरा ओळीत आले की मी चांगला आकडा दाखवायचे, कारण खरं तेच दाखवायचं हा माझा धर्म. की लगेच त्या एकट्या आकड्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर. "आई एकदम ओके." नाशिकपासून मनमाडपर्यंत सगळ्यांचे अंगठे वर. आधीच्या आकड्यांचा फोटो कुणी काढला नाही. मला सांगा, शाळेत सहा विषयांत नापास होऊन चित्रकलेचे तेवढे मार्क घरी दाखवलेत तर तुमचे आईबाप काय करतील?

आणि कुसाबाई? तिला हे हवंच होतं. हा माझा दुसरा राग. ठोका चुकत होता तो तिला आतून कळत होता. तरी चांगला आकडा आला की तोंडभर हसायची, आणि सगळे पांगले की दोन बोटं मनगटावर ठेवून बसायची. टीव्ही चालू, बोटं मनगटावर. तांदूळ निवडताना मध्येच थांबून, बोटं मनगटावर. घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. चैत्रात गल्लीतल्या बाया वणीच्या गडावर निघाल्या. दरवर्षी गाडी तीच ठरवायची. त्या वर्षी म्हणाली, "मला गर्दी आवडत नाय." वर जायला आता ट्रॉली आहे, पायऱ्या नको असतील तर, असं रोहिणीनं सुचवलं तर तिच्या अंगावर धावून गेली. मला ठाऊक होतं काय ते. बंद डब्यात, अर्ध्या चढावर, छातीत ते सुरू झालं तर, याची तिला धडकी होती. गाड्या निघून गेल्यावर ती ज्वारीच्या कोठीमागे बसून पदर तोंडात कोंबून रडली. मी फळीवरून बघत होते. अख्ख्या गल्लीला दरडावणारी बाई घरात एकटं राहायला भीत होती, आणि हे सांगायची तिला लाज वाटत होती.

भीती सांगता येत नाही, तेव्हा माणूस चिडतं. ती सगळ्यांवर चिडायला लागली. मिठावरून, चपलांवरून, दारावरून. आणि आंघोळीला गेली की मग तर विचारू नका. बाथरूममधून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. बादलीला शिव्या, साबणाला शिव्या, नळाला शिव्या, पाणी सोडणाऱ्या माणसाच्या सात पिढ्यांना शिव्या. अंगावर पाणी पडायच्या आधीपासून ते लुगडं नेसून बाहेर येईपर्यंत अखंड.

रोहिणी फोनवर तिच्या आईला सांगायची, "अगं, आता बाथरूममधूनसुद्धा! नळानं काय घोडं मारलं यांचं? शेजारी हसतात. वय झालं की माणसं अशी होतात का गं?"

शेवटी एक दिवस संतोष तिला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिनं मला पिशवीत घातलं होतं, गपचूप. साक्षीला. पण हृदयाची खोडी बघा. त्या दिवशी ते शहाण्या मुलासारखं वागलं. कार्डिओग्राम सरळ आला. कुसाबाईनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "ही काय काय दाखवते, बघा तरी," म्हणाली. डॉक्टरांनी मला बोटानं बाजूला सरकवलं. हात नाही, बोट! म्हणाले, "आजी, सगळं नॉर्मल आहे. या मशिनी घरात ठेवल्या की लोक दिवसभर मोजत बसतात. मनावर घेऊ नका. मालिका कमी बघा." आणि झोपेची गोळी लिहून दिली.

ठोक्यांची ती गडबड येते आणि जाते, त्या दिवशी त्यांना दिसली नाही; ठीक आहे. पण "माझ्या छातीत काय होतं ते ऐका" म्हणणाऱ्या बाईला मालिका कमी बघायला सांगायचं? मला दात असते तर मी तेव्हाच चावले असते.

घरी येताच संतोष म्हणाला, "बघितलंस आई? काही नाहीये तुला. सगळं ह्या मशीनच्या नादानं झालंय."

"म्हंजे मी येडी झाले. म्हण की."

"तसं नाही म्हणालो मी."

"पण वाटतंय ना? मग म्हण."

तो म्हणाला नाही. पण तिला आंघोळीला गेलेली बघून त्यानं मला उचललं आणि रोहिणीच्या देखत स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पत्र्याच्या पिंपात टाकलं. कुठल्या पिंपात? त्या गाठीच्या कुरडयांच्या. कुणी खाईनात आणि टाकवतही नाहीत, म्हणून वर ठेवलेल्या. दोघी नापास, एका पिंपात! कुसाबाईनं शोधाशोध केली तेव्हा संतोष म्हणाला, "रिपेअरला दिलीय."

आता बोला, मित्रांनो. खोटं कोण बोललं?

पिंपात अंधार होता, पण कान कुठं जातात? माळ्याच्या खालीच स्वयंपाकघर आणि भिंतीपलीकडे बाथरूम. मला सगळं ऐकू यायचं. दिवस कसे गेले ते विचारू नका. मी रागानं नुसती धुमसत होते. तिथं तिच्या दंडात काय चाललं असेल आणि मी इथं कुरडयांना टेकून बसलेय!

मग तो दिवस आला. संतोष कंपनीत गेलेला. रोहिणी कणीक मळत होती. बाथरूममधून नेहमीचा कार्यक्रम चालू होता.

"ही बादली कुणी ठेवली इथं? पाय मोडायचाय माझा? रोहिणे, तुझ्या माहेरी बादल्या काय रेल्वेच्या रुळावर ठेवतात काय? तुझ्या आईला ना एकदा..."

आणि आवाज थांबला.

रोहिणी आधी हसली. "आज लवकर संपलं," स्वतःशीच म्हणाली. कणकेवर दोन बुक्क्या मारल्या. मग तिचाही हात थांबला. नळाचं पाणी पडत होतं. बाकी काही नाही.

"आई?"

काही नाही.

"आई, बोला ना. माझ्या आईचं काय म्हणत होता?"

काही नाही. रोहिणी कणकेच्या हातानं धावली. दार ढकललं तर उघडंच. आतून कडी घातलेली नव्हती. त्याच क्षणी तिला कळलं असावं, की किती महिने ही बाई कडी न घालता आंघोळ करतेय. पुढं रोहिणीनं संतोषला सांगितलं तेव्हा मी ऐकलं, कुसाबाई स्टुलावर बसली होती, एक हात छातीवर, एक भिंतीला. चेहऱ्यावर घाम की पाणी, कळायला मार्ग नव्हता.

"आई! काय होतंय?"

"बोलता... येईना गं." तिला धाप लागली होती. "बोलत असले की तुला कळतं ना... हाय अजून म्हणून."

मी पिंपातून ऐकलं. मी मशीन आहे, पण ते ऐकून माझ्या नळीतून हवा गेली. त्या शिव्या शिव्या नव्हत्या. ती आपण जिवंत असल्याची वर्दी देत होती, रोज, ओरडून. माझ्यासारखीच. मी लुकलुकून सांगत होते, ती शिव्या देऊन. आणि दोघींनाही हे घर बिघडलेलं समजत होतं.

रोहिणीनं तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणून बसवलं. स्टुलावर चढली, पिंप उघडलं आणि मला काढलं. माझे सेल काढून घेतलेले. टीव्हीच्या रिमोटमधले काढून मला घातले.

"ही रिपेअरला दिली होती ना?" कुसाबाईनं विचारलं. तेवढ्यातही विचारलं!

"नाही आई. खोटं बोललो आम्ही."

पट्टा बांधला. मी दाबायला सुरुवात केली आणि मला ती जुनी ओळख पटली. एक आला, पुढचा नाही, मग दोन अंगावर पडल्यासारखे. मी आकडे दाखवले आणि जीव तोडून लुकलुकले.

"बिघडलीय ती," कुसाबाई म्हणाली.

इथं रोहिणीनं जे केलं, त्यासाठी मी तिला बाकी सगळं माफ करीन. तिनं पुन्हा बटण दाबलं नाही. एकदा बघितलं, आणि आपली कणकेची बोटं सासूच्या मनगटावर ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ ठेवली. मग डोळे उघडले.

"आई, मशीन नाही बिघडलेली."

तिनं संतोषला फोन लावला. त्यानं पलीकडून काहीतरी विचारलं. रोहिणी ओरडली, "चांगला आकडा यायची वाट बघत नाही मी! तू दवाखान्यात ये!" मग रिक्षा. कुसाबाईच्या मांडीवर, उघड्या पिशवीत, मी. रस्त्यात खड्डा आला तसा कुसाबाईचा आवाज परत आला, बारीक, पण आला: "अरे भाऊ, हळू. हृदय आधीच उड्या मारतंय, तू कशाला मारतोस?" रोहिणी रडत रडत हसली. मीही हसले असते.

या वेळी मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीत ते चालू असतानाच कार्डिओग्राम काढला. डॉक्टरीण बाई तरुण होती. तिनं कागदाची पट्टी हातात धरली आणि कुसाबाईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. समोर नाही, शेजारी. पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, हे तुमचे ठोके. हे बघा, हा लवकर, हा उशिरा. यांच्यात ताळमेळ नाही. हे कधी असतं, कधी नसतं, म्हणून मागच्या वेळी सापडलं नाही. याच्याकडे दुर्लक्ष केलं तर रक्ताची गाठ होऊन मेंदूकडे जाऊ शकते. त्यासाठी गोळ्या आहेत, त्या चुकवायच्या नाहीत. बरं झालं, आत्ताच आणलंत."

कुसाबाईनं गाठीचं विचारलं नाही, गोळ्यांचं विचारलं नाही. तिनं विचारलं, "म्हंजे मी येडी नाय?"

"अजिबात नाही. ठोका चुकला की भीती वाटणारच. कुणालाही वाटेल. आणि भीतीनं हे आणखी वाढू शकतं. तेव्हा भीतीसुद्धा आम्हाला सांगायची, लपवायची नाही. तिच्यावरही उपाय करता येतो."

संतोष नुकताच धापा टाकत दारात पोचला होता. कुसाबाईनं मान वळवली. "संत्या, ऐकलंस का? का ह्याचा पण फोटो काढून पाठवतोस ग्रुपवर?"

आणि मग ती रडायला लागली. पदर तोंडात न कोंबता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. संतोष तिच्या पायाशी बसला. त्याला काही बोलता येईना. बरंच झालं, कारण त्या दिवशी त्यानं "काही होत नाही गं आई" असं म्हटलं असतं, तर पिशवीतून मीच त्याच्या डोक्यावर पडले असते.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, कुसाबाई बरी झाली. नाही झाली. ठोका आता बराच वेळ नीट असतो, पण अधूनमधून सुटतो. मी अजूनही लुकलुकते. भीतीही पुरती गेलेली नाही. काही दिवस ती नुसती भिंतीकडे बघत बसते, कुणी बोललं तर अंगावर येते. पण आता ती सांगते. "आज बरं नाय वाटत. छातीतलं नाय, डोक्यातलं." एवढी मानी बाई, हे म्हणायला तिला किती जड जातं, ते तिच्या दंडाला बांधलेल्या मलाच ठाऊक. संतोषही आता तिला "मनावर घेऊ नको" म्हणत नाही. शेजारी बसतो, विचारतो, "किती भीती वाटतेय?" आणि ती म्हणते, "तू मोटरसायकल शिकत होतास तेव्हा वाटली होती, तेवढी." डॉक्टरीण बाईंनी मला सारखं दाबत बसायला मना केलं आहे. रोहिणी सकाळी एकदा मोजते. जो येईल तो आकडा. तोच सांगायचा.

माझी माफी मात्र अजून कुणी मागितली नाही. कुसाबाईनं पदरानं माझ्या काचेवरचा कुरडईचा चुरा पुसला आणि "मेली" म्हणाली, तेवढंच. पण म्हणायची तऱ्हा वेगळी होती.

यंदा कुरडयांना काठी रोहिणीनं धरली. कुसाबाई खुर्ची टाकून शेजारी बसली, मी तिच्या मांडीवर.

"काय कुसाबाई, यंदा काठी सुनेकडं?" चिमणाबाईनं डिवचलंच.

"काठी तिच्याकडं, तोंड माझ्याकडं. तू साच्याकडं बघ."

चिकात एक गाठ झाली नाही. झाली असती तरी रोहिणीला ऐकून घ्यावं लागलं असतं, नाही झाली तरीही लागलंच.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुमच्यापुढं हात जोडतात. आम्हाला फेकू नका, जपा, असं सांगतात. मी नाही जोडणार. मी जुनी झाले आहे, एक दिवस मी हवा धरायची थांबेन, तेव्हा खुशाल भंगारात द्या. मला जपू नका. ज्याच्या दंडाला मला बांधता ना, त्याला जपा. तुमच्या घरातलं एखादं माणूस उगाच चिडत असेल, उगाच ओरडत असेल, तर त्याला बिघडलेलं ठरवून माळ्यावर टाकू नका. ते काहीतरी सांगत असेल. आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारू नका. पहिल्यांदा सांगेल ते ऐका.

आत्ता कुसाबाई आंघोळीला गेली आहे. कडी अजूनही घालत नाही. शिव्या चालू आहेत. फरक एवढाच, की आता स्वयंपाकघरातून त्यांना जबाब जातो.

"पाणी आहे का बर्फ? रोहिणे, मारते का मला?"

"हो आई, ऐकू येतंय!"

"नळ गळतोय, संत्याला दिसत नाय, डोळे फुटले त्याचे..."

"फुटले आई! रविवारी बघेल!"

मग आवाज थांबतो. रोहिणीची पोळी तव्यावर तशीच राहते. फळीवर मी माझी सगळी हवा धरून बसते. पाणी पडतंय. एवढंच.

"साबण संपलाय! अख्ख्या घरात एकाला तरी कळतंय का?"

रोहिणी पोळी उलटते. पोळी जळली आहे. ती हसते आणि ओरडते, "आणते आई!"